चालत्या नावेचा नांगर

२७ ऑक्टोबर १९५६, बेल्याजवळचा घाट

आलो एकदाचा! पैनगंगा भरलेली, ऊन कोवळे आणि नाव चक्क कोरडी. वार्ताहराला आणखी काय हवे? येत्या पहिलीपासून हा काठ आंध्रात आणि पलीकडचा मुंबई राज्यात. नावेने काठाकाठाची गावे फिरून लोकांचे म्हणणे कळवावे, ही संपादकांची कल्पना. ते स्वतः पंख्याखाली बसले आहेत.

नावाडी महिपत मागे वल्ह्यावर असतो. पुढे नावेच्या तोंडावर त्याचा धाकटा भाऊ धोंडीबा बसायचा. तो गेल्या साली बुडाला. पुढचे काम सोपे. नाव चालू लागली की लोखंडी नांगर वर ओढून खुंटीला आवळायचा, नाहीतर घसरून पाण्यात जातो. ज्याने बांधला त्याने काठ लागेपर्यंत जागा सोडायची नाही. गाठही त्यानेच सोडायची, असा यांचा दंडक. संधी-समास घोकलेल्याला एक गाठ काय जड? पुढे बसलो आणि हौसेने मारली. महिपतची बायको बयनाबाई काठावरून ओरडली, की महाराज, तुमी काऊन बांधून राह्यले, त्याले बांधू द्या न! महिपतने तिला दटावून गप्प केले.

२८ ऑक्टोबर

रात्र नावेतच गेली. काठाकडे वळलो तशी गाठ सुटली, नांगर पाण्यात, नाव धारेत उभी. पुन्हा ओढून बांधला. महिपत म्हणाला, तुमची गाठ शहरी हाय महाराज. मान्य. उरलेली भाकरी वाटून खाल्ली.

२९ ऑक्टोबर

धारेत असलो की गाठ पक्की. काठाकडे वळलो की सुटते. दोन्ही काठांना हेच.

आज नांगर गेला तेव्हा दोर सगळा संपला, तरी तळ लागला नाही. महिपतचा बांबू मात्र कमरभर पाण्यातच चिखलाला टेकतो. यावर मला विनोद सुचला नाही.

३० ऑक्टोबर

कोयत्याने दोर तोडला. नाव हलली नाही. मागे वळून महिपतशी बोललो, पुन्हा पुढे पाहिले तर नांगर खुंटीवर. ओला, बांधलेला. गाठ माझी नव्हे.

महिपत बघून रडायला लागला. धोंडीबाची गाठ, म्हणाला. चालत्या नावेत नांगर बांधताना तो दोरासकट गेला होता. तेव्हापासून नाव काठावर पडून होती. त्याच्या जागी कोणी बसल्याशिवाय तो नाव सोडत नाही.

मला त्याने हे आधी सांगितले नव्हते. विचारले, तर म्हणाला, तुमी सोताहून बसले महाराज. म्या बसा मनलं नाई.

३१ ऑक्टोबर

महिपत उतरला. कमरभर पाण्यातून चालत काठाला गेला. मी त्याच जागी पाय सोडला — तळ नाही. मला पोहता येत नाही.

काठावर बयनाबाई, घाटापासून चालत आलेली. माझ्या नावाने रडत होती, पाण्यात उतरत होती. त्याने तिला ओढून नेले.

१ नोव्हेंबर

दोन्ही काठांवर ढोल. झेंडे. ओरडलो — कोणी बघतही नाही. मी कोणत्या राज्यात, हे विचारायलाही —

डावा हात नांगरावर आहे. मी ठेवलेला नाही. उचलत नाही.

पाण्यातून बोटे. मनगटाला दोराचा वेढा — सावकाश, नवशिक्याला शिकवावे तसा — मी बघावे म्हणून थांबून थांबून —

आता उजवा, लिहिता हात —