एका लांब शब्दाच्या पोटात

पोंभुर्णा, ९ फेब्रुवारी १९५४
सुमीचे बाबा अजून जंगलात, सरकारी कूपाच्या लाकूडतोडीवर. दुपारी लेकीले सासूबाईंकडे देऊन दवाखान्यातल्या सिस्टरकडे इंग्रजी. मॅट्रिकचं पुस्तक उघडलं की लांब शब्द पाहूनच छाती दडपते. सिस्टर म्हणाल्या, "अख्खा गिळू नको. आधी तोंडानं तोड." अन्-फॉर्-च्यु-नेट्-ली. "आता अर्थानं." अन् म्हणजे नाही. फॉर्च्यून म्हणजे नशीब. बाकी शेपूट. दुर्दैवाने! तोंडाचे तुकडे निराळे, अर्थाचे निराळे. शब्द एकच.

११ फेब्रु.
आज एकटीनं तोडला: अन्-ब्रेक-एबल. न फुटणारं. कोणी शिकवला नव्हता. अंगावर काटा आला. म्हणजे कधी न पाहिलेले शब्दही मले...

१४ फेब्रु.
नदीपल्याडच्या गावात देवी आल्या. बुधवारी लस टोचणारे येतील. सासूबाई म्हणतात, "पोरीले सुई लावू देणार नाई. देवीमाय कोपन." त्यांचा थोरला लेक देवीतच गेला. तरी नाई. सुमीच्या बाबांना निरोप धाडू तरी कुठी?

१५ फेब्रु.
सिस्टरपाशी रडले. त्यांनी पाटी पुढे केली. व्हॅक्सिनेशन. "तोड." 'एशन', म्हणजे क्रिया. व्हॅक्सिन, लस. "अजून आत?" नाई जमलं. "व्हॅक्का. लॅटिनमध्ये गाय. पहिली लस गाईले येणाऱ्या देवीच्या फोडातून घेतली होती."
पाटीकडे पाहतच राहिले. कुठची भाषा, कुठचे लोक, अन् शब्दाच्या पोटात गाय!

१६ फेब्रु.
सासूबाई गोठ्यात होत्या, तिथीच सांगितलं.
"खोटं बोलून राह्यली."
"शपथ, आत्याबाई."
बराच वेळ गाईच्या पाठीवर हात फिरवत राहिल्या. मग, "शब्दात हाय, मान्य. सुईत हाय का?"
"हाय. वासराच्या अंगावरच लस तयार करतात. सिस्टर सांगत होत्या."
त्यांनी गाईच्या कपाळाले हात लावला, तोच आपल्या कपाळाले.

१७ फेब्रु.
सुमीले त्यांनीच मांडीवर धरलं. पोर किंचाळली तेव्हा डोळे मिटून घेतले. मग स्वतःची बाही वर सारली. "मलेबी."


२२ फेब्रु.
सुमीच्या दंडावर फोड आला, अंग गरम. लस लागली, सिस्टर म्हणाल्या. शेजारच्या कमलाबाईनं मात्र टोचणारे आले तेव्हा लेकरासकट आतून कडी घातली होती. तिचं लेकरू कालपासून तापलं आहे. सिस्टरलेही पाहू देत नाई.
सासूबाई तिच्या ओट्यावर बसून बंद दाराले आपल्या थोरल्याचं सांगून राह्यल्या. कडी अजून निघत नाई. चूल पेटवायची वेळ झाली, पण त्यांना हाक मारवत नाई.