निंबाची सावली कोणालाच देत नाही

सगळ्यात आधी आली देवकाबाई, कारण ती शेजारीण आहे आणि तिला प्रत्येक गोष्टीची घाई. मग अण्णाजी मास्तर आले. दोघे साक्षीदार ओट्यावर बसले आहेत, चहा झाला, आता लिहिते. मी मनकर्णाबाई, नानाजी कडू यांची विधवा, राहणार रोहणा, तालुका आर्वी, जिल्हा वर्धा, डोके ठिकाणावर असताना व कोणी दमदाटी केली नसताना हे आपल्या हाताने लिहून ठेवते. अक्षर वाकडे आहे, चालवून घ्यावे. सोमवारी वर्ध्याला पोटाचे आपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात भिऊ नका. आपरेशनला मी भीत नाही. माझ्यामागे माझ्या पडीत जमिनीचे काय होईल, या विचाराने झोप लागत नाही.

राहते घर व विहिरीजवळचे वावर माझा मुलगा रूपराव याला. पितळेची मोठी परात माझ्या लग्नापासून नणंद कौशल्याबाईकडे आहे. ती तिच्याकडेच राहो, पण परात माझी आहे हे तिने चार बायकांत एकदा कबूल करावे.

घरामागचे मुरमाड पडीत, जिथे पोरे फुटबाल खेळतात, ते माझी मुलगी कांता हिचा मुलगा जयवंता याला. तो टीमचा कप्तान आहे. रूपरावला तिथे कापसाचे गोडाऊन बांधायचे आहे. काल म्हणाला, "आई, फुटबालासाठी कोनी जमीन ठेवते काय?"

मी म्हटले, "मी ठेवून राह्यली नं."

जयवंता वर्ध्याच्या कालेजातून खेळायची एक रीत शिकून आला. चेंडू समोरच्यांच्या पायात, त्यांच्याच गोलाजवळ असला तरी आपण मागे पळायचे नाही, तिथेच चढून जायचे. दोघे चेंडूवाल्यावर, बाकीचे त्याच्या सोबत्यांच्या वाटेत. त्याला चेंडू द्यायला कोणी सापडत नाही, तो गडबडतो, चेंडू आपला आणि गोल पुढ्यात. पाहताना इतका आनंद होतो की पोटाचे दुखणे आठवत नाही. आणि धडधड इतकी, की पदर तोंडात धरून बसते. कारण पुढचे चढले की मागच्यांनीही वर सरकायला पाहिजे, नाही तर मधले सगळे रान मोकळे.

मागल्या रविवारी समुद्रपूरची टीम आली तेव्हा तेच झाले. ऊन फार होते. पुढची पोरे चढली आणि मागची आपल्या गोलाजवळ निंबाच्या सावलीत उभी. गोलकीपर बंडू तर झाडाला टेकलेला. समुद्रपूरवाल्यांनी डोक्यावरून लांब चेंडू हाणला, त्यांचा एकच गडी मोकळ्या रानातून धावत गेला आणि गोल. मग पुन्हा तसेच. मी ओरडले, "बंड्या, सासुरवाडीले आला काय रे? पुढे सर!"

"आजी, ऊन लागते नं!"

आम्ही हरलो. जाताना ते हसून म्हणाले, "आजी, पोराईले छत्र्या घेऊन द्या."

तेव्हापासून रूपराव म्हणतो टीम मोडा. पोरेही घाबरली, म्हणतात यापुढे गोलासमोर गर्दी करून उभे राहू. उभी राहिलेली पोरे पाहायला मी हातातले काम टाकून येत नाही. म्हणून अट घालते की जयवंताने पडीत विकू नये, आणि टीमने चढूनच खेळावे, हरली तरी. निंबाचे झाड रूपरावला, पण मैदानाकडच्या फांद्या तोडाव्यात. सावली कोणालाच देत नाही. मीही तिथेच बसते. वाचले तर पदर डोक्यावर घेऊन उन्हात बसेन.

इथवर अण्णाजींनी मोठ्याने वाचून दाखवले, तर दारात बसून ऐकणारा रूपराव उठला आणि कुऱ्हाड घेऊन मागे गेला. घाव ऐकू यायला लागले. अख्खे झाडच पाडून राह्यला की काय? देवकाबाई पळत जाऊन पाहून आली. "फांद्याच आहेत वो. पन लय रागानं तोडून राह्यला."

मग त्याचाच आवाज. "आई, हे जाड फांदी बी काय?"

"ते बी!"

ती पडली. गोडाऊनचे तो पुन्हा काढायच्या आत सही करून घेते.

सही: मनकर्णाबाई
साक्षीदार: अण्णाजी मास्तर, सही. देवकाबाई, अंगठा.
रोहणा, शनिवार, २० ऑगस्ट १९८३

समुद्रपूरवाले तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या एसटीने परत खेळायला येतो म्हणून सांगून गेले आहेत.