ब्रेकवरचा उजेड

आदरणीय दादा,

नमस्कार. गुडघा कसा आहे? जिने चढणं बंद केलंत की अजून हट्ट चालूच आहे? वहिनींना विचारलं म्हणून सांगा. इकडे सगळं ठीक. म्हणजे तुमची बहीण खुशाल आहे आणि मी तिच्या परवानगीने खुशाल आहे.

पिकअपच्या हौद्यावर मी फायबरचं टप बसवून घेतलंय, हे तुम्हाला माहीत आहेच. जनावरांच्या डॉक्टरला फिरता दवाखाना झाला, पण आत अंधार गुडुप. दिवे लावायचे म्हटल्यावर तुमची बहीण म्हणाली, दादाला बोलवा, त्याचा जन्म गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलाय. आता मी गाईच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस, मला दोन वायरी जोडता येऊ नयेत? (तुमच्याबद्दल आदर आहेच, गैरसमज नको.) आतून एलईडीच्या पट्ट्या चिकटवल्या. टपाच्या मागच्या लाल दिव्याची वायर अगदी हाताशी होती, म्हटलं बॅटरीपर्यंत कशाला तडफडा! तिलाच जोडल्या. दिवे काही लागेनात. वैतागून गाडी शेडमध्ये घेतली, ब्रेक दाबला, आणि मागे लख्ख उजेड! तो दिवा ब्रेकचा होता हो. पाय उचलला की पुन्हा काळोख. रविवारी बघू म्हणून सोडून दिलं.

रविवार यायच्या आतच घोळ झाला. गुरुवारी संध्याकाळी आम्ही दोघं पडदे घ्यायला निघालो होतो. बेकरीच्या गल्लीत वीज गेलेली, आणि बेकरीवाल्या आजी कुत्र्याला कवटाळून रस्त्यात उभ्या. (त्याला सगळे फौजदार म्हणतात.) पत्र्यानं पुढच्या पायाची शीर कापलेली, रक्ताची धार लागलेली. दवाखान्यापर्यंत तो टिकला नसता. आजी घरात एकट्या, बोलायला तेवढाच एक. त्या रडतही नव्हत्या, नुसत्या त्याचं तोंड धरून हौद्यात बसल्या. दादा, खोटं कशाला सांगू, सुई हातात घेतली आणि मग आठवलं, उजेड फक्त ब्रेकवर!

ब्रेकच्या पेडलवर वीट ठेवली, ती घसरली. मोबाइलचा टॉर्च दातात धरला, तर त्यानं परस्पर कोणाला तरी फोन लावला. (गुरुवारी तुम्हाला नुसतंच गुरगुरणं ऐकू आलं ना? ते आम्ही.) शेवटी तुमची बहीण पुढे बसून ब्रेक दाबून राहिली, आणि मधली काच सरकवून बोलायला लागली. दादाला का नाही बोलावलंत? मी म्हटलं, आत्ता नको. झालं! काळोख. शीर चिमट्यात, सुई हातात, आणि दिसत काही नाही! बाईसाहेब रागावल्या, हे मी ओळखलं. ओरडलो, "चुकलं माझं!" उजेड.

मग काय, एक टाका आणि एक कबुली. तुम्ही अवेळी जाता, मी जेवण झाकून बसते, आल्यावर कुठे होतात एवढंही सांगत नाही, असं ती म्हणाली. मी सवयीनं नुसतं 'हं' केलं, तर दिवे लुकलुकले. घाबरून पूर्ण वाक्यात उत्तर दिलं. इथून पुढे फेरीला तुला बरोबर नेईन, असं वचनही दिलं. आणि धास्तीनं दिव्यांकडे बघितलं. पण उजेड हलला नाही. शेवटची गाठ मारली, चिमटा काढला. रक्त थांबलं होतं! फौजदारानं माझा हात चाटला, तेव्हा कुठे आजी रडल्या.

तर सवडीनं येऊन ती वायर तेवढी सरळ करून द्या.

तुमचा,
आता सगळं कबूल असलेला मेव्हणा

ता. क. घाई नाही. फौजदार तीन पायांवर बेकरीभर हिंडून चौथ्याचं कौतुक करून घेतोय.

आणखी ता. क. तुमच्या बहिणीनं पत्र वाचलं आणि हसून हसून खाली बसली. ती रागावली नव्हतीच म्हणे. सीट माझ्या मापाने मागे होती, तिचा पाय पेडलला पुरत नव्हता. सगळा वेळ ती टोकावर बसून, पाय ताणून दाबत होती आणि मधूनमधून तो निसटत होता. मी एवढं सगळं कबूल का करतोय, हेच तिला कळेना. दिलेलं वचन मात्र परत मिळणार नाही, असं तिनं बजावलंय. तेव्हा दादा, घाई आहे. येताना दिव्यांसाठी एक चांगलं बटण आणा, आणि ड्रायव्हरची सीट तेवढी कायमची पुढे सरकवून द्या. मी मागे बसेन.