नळ उघडून बघितलेलं घर

आबा, मी घर घेतलं. लंडनच्या कडेला एक जुनं उपनगर आहे, तिथं. लाल विटांचं, उतरत्या कौलांचं, तुमच्या आजोबांचा जन्म व्हायच्या आधी बांधलेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना एवढी झाडं आहेत की भर दुपारी चालताना ऊन अंगावर ठिपक्याठिपक्यांनी पडतं. दारातल्या झाडाची फांदी तोडायची तर इथं नगरपालिकेला विचारावं लागतं, रस्त्याकडची खिडकी बदलायची तरी विचारावं लागतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मग घर त्यांचं का आपलं?" मीही दलालाला जवळजवळ हेच विचारलं. तो हसला. म्हणाला, या भागात घर घेणारा माणूस म्हणजे काही वर्षांपुरता राखणदार. मला ते बोलणं आवडलं. तुम्हाला जाऊन सतरा वर्षं झाली. मधल्या काळात तुम्हाला सांगावं असं पुष्कळ घडलं, पण कागद घेऊन बसावं असं आजच वाटलं.

हा रस्ता पहिल्यांदा बघितला तेव्हा मला कोल्हापूरचं ताराबाई पार्क आठवलं. रविवारी तुमच्या ओतकामाच्या कारखान्याला सुट्टी असली की तुम्ही मला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून उचगावहून तिकडं न्यायचा. बघायला जायचं असं काही नसायचं. मोठ्या झाडांखाली सायकल लावायची, टोपीनं घाम पुसायचा आणि बंगल्यांच्या फाटकांकडं बघत उभं राहायचं. एखाद्या फाटकावरचे बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, भाले दाखवून तुम्ही म्हणायचा, "ह्ये बघ, ह्ये आपल्याकडचं. माझ्या हातचं असंल." मी त्या वेळी सहावीत होते. वर्गातल्या एका मैत्रिणीला मी सांगून ठेवलं होतं की आम्ही तिथंच राहतो, निळ्या फाटकाच्या बंगल्यात, आणि माझे वडील कारखान्याचे मालक आहेत. एका रविवारी आपण त्याच निळ्या फाटकासमोर उभे असताना ती तिच्या वडिलांच्या स्कूटरवरून आली आणि आनंदानं विचारलं, "हेच ना तुझं घर?" मी मान डोलावली. तुम्ही माझ्याकडं बघितलं, मग तिच्या वडिलांकडं. "न्हाय ओ पावणं, आमी उचगावचं. पोरगी चेष्टा करालीय. चला की घरला, चा घिऊन जावा."

आणि ते खरंच आले. मला वाटत होतं धरणी फाटावी. आपल्या त्या भाड्याच्या दोन खोल्या, वर पत्रा, कोपऱ्यात स्टोव्ह. आईनं पाहुण्यांना चटई टाकली, भडंग दिलं, चहा दिला. मैत्रीण दोनदा भडंग मागून घेते आहे आणि तिचे वडील तुम्हाला भट्टीतल्या उष्णतेबद्दल विचारत आहेत, हे मला आजही दिसतं. ते गेल्यावर तुम्ही मला मारलं नाहीत. बशी विसळत एवढंच म्हणालात, "मला मालक केलंस त्येचं काय न्हाय, हसूच आलं मला. पर तुजी आई दिवसातनं दोनदा हे घर पुसतीया. ते तू लपिवलंस. आसं करू नगंस." त्यानंतर हा विषय तुम्ही कधीच काढला नाहीत. मी मात्र बरेच दिवस आईच्या हातातला फडका काढून घेऊन फरशी पुसत होते.

तर हे घर. ते घ्यायला माझ्याशिवाय आणखी दोघं तयार होते. मालकीण ऐंशीच्या पुढची, निवृत्त शिक्षिका. मुलाजवळ राहायला जायचं म्हणून घर विकत होती. तिनं दलालाकडून निरोप पाठवला की घेणाऱ्यांनी आपल्याविषयी चार ओळी लिहून द्याव्यात, मगच ती ठरवेल. आई तेव्हा माझ्याकडं सहा महिन्यांसाठी आली होती. कचेरीतली एक मैत्रीण म्हणाली, जरा भारदस्त लिही, अशा ठिकाणी ते बघतात. म्हणून मी लिहिलं की आमचं घराणं कोल्हापूरचं, आणि वडील अभियांत्रिकी क्षेत्रात होते. आईला मराठीत वाचून दाखवलं. ती लसूण सोलत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "त्ये इंजिनेर कवा झालं?"

"इंजिनिअर नाही गं. क्षेत्रात होते असं लिहिलंय."

"भट्टीवर होतं की. वाळूचं साचं करत हुतं. मग तसंच लिव्ह."

मी दुसरा कागद घेतला. लिहिलं की आम्ही दोन खोल्यांत राहायचो, वडील शिरोलीच्या ओतकामाच्या कारखान्यात मोल्डर होते, आई लोकांचे कपडे शिवायची, आणि मला या घराचं स्वयंपाकघर आवडलं कारण तिथं बसून सगळा रस्ता दिसतो. लिहायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

चार दिवसांनी मालकिणीनं पुन्हा घर बघायला बोलावलं. आईला मी म्हटलं, तू शांत बस. ती म्हणाली, "पोरगी बघाय आल्यागत चा पिऊन जायचं व्हय? पाणी बघाय पायजे. मी बघून येतो." आणि ती निघालीच. वरच्या मजल्यावरचे नळ एकेक करून सुरू झाल्याचे आवाज यायला लागले. मी ओशाळून मालकिणीची माफी मागायला लागले, तर ती कान देऊन ऐकत होती. म्हणाली, मी हे घर घेतलं तेव्हा मला हे सुचलं नव्हतं आणि पहिला हिवाळा मी थंड पाण्यानं अंघोळ केली.

मग तिनं मला बैठकीच्या खोलीत नेलं. तिथं भिंतीत शेकोटी आहे, तिची चौकट बिडाची, वर द्राक्षाची पानं उठवलेली. तिनं विचारलं, मोल्डर म्हणजे नेमकं काय करायचे तुझे वडील? आबा, मी आयुष्यात पहिल्यांदा हे कुणाला तरी नीट सांगितलं. मी डबा घेऊन कारखान्यात आले की तुम्ही काळी वाळू मुठीत दाबून दाखवायचा. मूठ उघडली की बोटांचे ठसे तसेच राहायचे. तुम्ही म्हणायचा, "वाळूला सगळं ध्यानात ऱ्हातंय." तशाच वाळूत ही पानं आधी उमटली असतील, मग वितळलेलं बीड आत गेलं असेल, हे सांगताना मी चौकटीवरून हात फिरवत होते. एका पानाच्या देठाशी बोट अडलं. बारीक गाठ होती, तांदळाएवढी. साच्यातली वाळू तिथं सुटली होती. मी तिचं बोट धरून त्यावर ठेवलं. चाळीसेक वर्षं ती त्या शेकोटीजवळ बसली होती आणि तिला ती गाठ माहीत नव्हती. ती पुन्हा पुन्हा तिथं बोट नेत राहिली. म्हणाली, म्हणजे इथं कुणीतरी माणूस होता. मी म्हटलं, हो, आणि मुकादम त्याला बोलला असणार. दोघी खूप हसलो.

तेवढ्यात आई खाली आली. मालकिणीला सरळ मराठीत विचारलं, "हितं ऊन कवा येतंय?" मालकिणीनं इंग्रजीत सांगितलं आणि हातानं सकाळची खिडकी दाखवली. मग आईनं शेजारी कसे आहेत ते विचारलं, आणि तिनं तेही कसं कोण जाणे ओळखून सांगितलं. मी दुभाषी व्हायला पुढं झाले, पण दोघींना माझी गरज नव्हती. निघताना आईनं दारातल्या झाडाचं पान उचललं आणि म्हणाली, "पिंपळागतच हाय की. फकस्त शेपूट न्हाय."

त्यानंतरचे आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. नवव्या दिवशी दलालाचा फोन आला. आम्ही लावलेली बोली सगळ्यांत मोठी नव्हती. तो म्हणाला, मालकिणीनं एकच प्रश्न विचारला आहे, नळ उघडणाऱ्या बाई राहायला येणार आहेत का? मी आईला विचारलं. ती म्हणाली, "उन्हाळ्यात येतो म्हणून सांग. थंडीत न्हाय." आणि घर आमचं झालं.

आता उन्हाळा आहे, आई परत आली आहे. तिनं मागच्या वाफ्यात मेथी लावली आणि उगवली तशी पेंड्या बांधून दोन्ही शेजाऱ्यांना देऊन आली. रोज संध्याकाळी ती झाडाखालच्या बाकावर बसते, येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला "बरं हाय का" विचारते, आणि लोक थांबून उत्तर देतात. कुत्री फिरवणारे एक आजोबा तर तिच्यासाठी वेगळा फेरा मारून येतात. मी स्वयंपाकघरातून हे सगळं बघते आणि मला एकटीलाच हसू येतं. एवढं सुख एका रस्त्यावर मावतं हे मला माहीत नव्हतं.

एक सांगायचं राहिलं. मी पहिल्यांदा इकडं यायला निघाले तेव्हा एसटी स्टँडवर तुम्ही म्हणाला होता, पत्र टाक. मी म्हटलं, रोज फोन करेन की. तुम्ही म्हणालात, "फोनवरचं संपतंय गं. कागद परत वाचता येतोय." मी हो म्हटलं, पण एकही पत्र टाकलं नाही. तुम्ही अक्षर अक्षर जुळवून वाचायचा, म्हणून तुम्हाला त्रास नको असं मी स्वतःला समजावलं, पुढं आईलाही तेच सांगितलं. ते खरं नाही. मला वेळ होता, कागद होता, तुमचा पत्ताही पाठ होता. मी कंटाळा केला, आबा.