विहीणबाईंचं सूतोवाच

४ नोव्हेंबर, मंगळवार

पहिल्या आल्या त्या विहीणबाई, उल्काताई! मागून त्यांचा पुतण्या श्रीधर, धापा टाकत – हातात तुळशीची कुंडी. 'मालनताई, तुमच्या गॅलरीत ऊन छान येतं. राहू दे का इथे थोडे दिवस?' त्यांनी विचारलं. राहू द्या म्हटलं. नम्रता माझी सून, पण लेक त्यांची. नाही कसं म्हणणार? ठेवली ती नेमकी माझ्या गवती चहाच्या पुढ्यात.

मग नम्रताची राजनंदिनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसली. कॉलेजात 'सूतोवाच' या शब्दावर बोलायचंय तिला. उल्काताई शाळेत मराठी शिकवायच्या, त्यांना काय, सगळं तोंडावर. म्हणे पुराणात सूत कथा सांगायला बसतो, त्यावरून आलाय. विषयाला हळूच तोंड फोडायचं. कादंबरीत लेखक पुढचं सांगून टाकत नाही, नुसतं दार किलकिलं करतो.

नात माझी, झोपते माझ्या खोलीत – आणि बघत होती त्यांच्या तोंडाकडे. मी दिलेला चहा निवून गेला.

६ नोव्हेंबर

चौथी शिकलेय मी, पण हे मला कुणी शिकवू नये. मला बघायला आले तेव्हा 'पसंत' असं कोण बोललं? सासूबाई जाता जाता एवढंच म्हणाल्या, 'आमच्या कसब्यात नळाला पाणी पहाटे चारला येतं.' आईने त्याच दिवशी गूळ वाटला.

राजनंदिनीला सांगितलं. 'आजी, भारी!' म्हणाली. वहीत मात्र उल्काताईंचंच.

९ नोव्हेंबर, रविवार

परत आल्या. लिफ्ट बंद पडते का, विचारलं. कमोड आहे ना, तेही विचारलं – आणि मला. लेक घरात आहे की, तिला विचारा. 'घर बघायला आलात का?' म्हटलं. हसल्या. बशीतली शेव तशीच ठेवून गेल्या.

नात म्हणते, 'दोन्ही आज्या घरात असल्या की काय मज्जा येते.' मला झोंबलं.

१० नोव्हेंबर

मेथी निवडताना नम्रताने सांगितलं. सदाशिव पेठेतली त्यांची इमारत पाडून नवी बांधणार. महिनाअखेर जागा सोडायची.

'मग बोलली का नाहीस?'

'आईने बजावलं होतं. लेकीच्या सासरी राहायचं तर बोलावणं विहिणीकडून यायला हवं, म्हणाली.'

दोन वर्षं लागतील म्हणे. दोन वर्षं राजनंदिनी रोज वही घेऊन त्यांच्यापाशी बसणार.

आणि मी म्हटलं, घर बघायला आलात का.

काड्या पातेल्यात गेल्या, पानं केरात.

११ नोव्हेंबर

फोन केला. 'उल्काताई, पलंग आणू नका, राजनंदिनीच्या खोलीत आहे.'

दुपारी त्या खोलीतून माझं अंथरूण हॉलमध्ये आणलं. मुलगा म्हणाला, 'आई, हे काय?' म्हटलं, मला खोलीतला पंखा सोसत नाही.

शनिवारी दहाला येतो म्हणालेत, त्या आणि सामान उचलायला श्रीधर.