वरच्या मजल्याची ऊब

७ नोव्हेंबर

चूल नेली. गावकमिटीची दोन माणसं आली, उचलली, टेम्पोत आदळली — संपलं! कोळसा बंद म्हणजे बंद. बदल्यात मागच्या भिंतीला हवेचं मशीन बसवलंय. बाहेरच्या हवेतली ऊब ओढून घरात आणतं म्हणे. बाहेर नाक गळतंय, तिथं कसली डोंबलाची ऊब?

शूदोंगचा थिएनजिन शहरातून फोन. "आई, चुलीसारखं घडीघडी बंद-चालू करू नकोस. मंद ठेव, पण सतत." म्हटलं, तूच ये अन् ठेव. हसला. रोज संध्याकाळी करतो फोन. गुणाचं पोर.

१२ नोव्हेंबर

खाली बरं. वर गार. चूल होती तेव्हा ऊब आपली आपण जिना चढायची, वर सून यालिन खिडकी उघडून बसायची. आता मशीननं तापवलेलं कोमट पाणी नळ्यांतून फिरतं, वर पोचेस्तोवर त्याचा जीव जातो. नात, छोटी, वर झोपते. सात महिन्यांची पोर! नाकाचा शेंडा लालभडक.

खाली आणा म्हटलं तर यालिन नको म्हणते. आजेसासऱ्यांसमोर — म्हणजे माझ्या मामंजींसमोर — दूध कसं पाजू, म्हणते. तेही खरंच.

१५ नोव्हेंबर

जेवताना यालिन म्हणाली, "आई, आमच्या माहेरी शहरात सगळ्या इमारतीला घर तापवायचं गरम पाणी येतं. छोटीला घेऊन जाते. थंडीपुरतं."

मी वाडगं आदळलं. "एका थंडीनं कुणी मरत नाही!" बोलले अन् जीभ चावली.

शेजारच्या फांग वहिनींची सून अशीच थंडीपुरती गेली. परत आलीच नाही. नातू आता फोनवरच दिसतो.

१६ नोव्हेंबर

झोप नाही. मशीनचा आवाज ऐकत पडले.

२२ नोव्हेंबर

कडाका पडला. मशीनवर लाल दिवा, वर अकरा अंश! यालिन छोटीला कोटाच्या आत घेऊन फिरतेय, माझ्याकडे बघत नाही. मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "मावशी, बाहेरच्या डब्यासमोर काही अडथळा आहे का?" "काय असणार? अंगण आहे!"

जाऊन बघते तर — थंडीत दाराला लावायची जुनी जाड गोधडी डब्याला गुंडाळलेली, वर दोरी! मामंजींचं काम. दर हिवाळ्यात डाळिंबाला गुंडाळतात, स्कूटरला गुंडाळतात, तसंच यालाही.

"अगं शूदोंगच्या आई, रात्रभर कुडकुडतंय ते. ऐक की, दात वाजतात त्याचे."

"मामंजी, श्वास कोंडला त्याचा! हवाच घेता येईना त्याला!"

"मग आधी सांगायचं. स्कूटरच्या वेळी शाबासकी दिलीस." वर तोंड करून!

गोधडी सोडली. आत बर्फाचा थर. हातानं खरवडणार होते, मेकॅनिक फोनवरूनच ओरडला, "पत्रा वाकेल, मावशी! मी येतो."

२४ नोव्हेंबर

आला. बर्फ वितळवला, खालच्या नळ्यांचं पाणी जरा कमी केलं, वरचं वाढवलं. एवढंच करायचं होतं? बसवणाऱ्यांना काय झालं होतं मग!

वर एकवीस अंश. मी उगाच तीनदा जिना चढून बघून आले. छोटीनं मोजे ओढून फेकले. यालिनला म्हटलं, "बघ! आता कुठं जायचं नाही." ती नुसती हं म्हणाली.

हं म्हणजे काय?

२५ नोव्हेंबर

बॅग भरतेय! इतकं सगळं करून!

मी ओरडले. "एकवीस अंश आहे! अजून काय, भट्टी पेटवू?"

तिनं छोटीचा स्वेटर घडी केला, परत उलगडला. म्हणाली, "आई, थंडीचं निमित्त होतं. शूदोंग तुम्हाला रोज फोन करतो. माझा उन्हाळ्यापासून उचलत नाही. तिथं कुणीतरी आहे त्याची."

"कोण म्हणतं?"

"तोच म्हणाला. शेवटचा फोन घेतला तेव्हा."

मी इतके दिवस त्या डब्याला शिव्या घातल्या. मला कसं दिसलं नाही? एका छपराखाली राहतो आम्ही. खाली बसून मी म्हणायचे वर काय, फक्त थंडी.

संध्याकाळी शूदोंगचा फोन आला. नाही घेतला.

२६ नोव्हेंबर

बसमध्ये लिहितेय, अक्षर वाकडं येतंय. मामंजींच्या जेवणाचं फांग वहिनींना सांगितलंय. यालिन खिडकीशी, छोटी माझ्या मांडीवर. बस तिच्या माहेरची नाही. थिएनजिनची आहे. शूदोंगला कळवलेलं नाही.