वाडीच्या फाटकाचं कुलूप

मंगळवार, संध्याकाळ

उद्या विधानसभेचा अर्ज भरायचा. आज सभेत कुणीतरी विचारलं, राजकारणात का? मी म्हटलं, आमच्या वाडीतल्या बावखलाचं, त्या गोड्या पाण्याच्या तळ्याचं पाणी बाबांनी कधी कुणाला नाकारलं नाही, तेच घेऊन निघालेय. टाळ्या पडल्या.

घरी आले तर फाटकाला नवं कुलूप. प्रचाराच्या गर्दीत केळी तुडवतात म्हणून भावाने लावलेलं. मला पटलंही. मग ओट्यावर बसलेली आई म्हणाली, "टँकर नाय आला म्हणून चाळीतल्या बाया कळश्या घेऊन आलेल्या. कुलूप बघून गेल्या." एवढंच. रागावली असती तर बरं झालं असतं.

आत्ता कुलूप काढून आले. पण परत गेलेल्या बायांना कळणार कसं? अर्ज दुपारी भरू. सकाळी आधी चाळीत जाते.